बॅटरी संपत आली, ड्रोन आपोआप उतरायला लागला आणि कॅन्सल होईना, अशा वेळी नक्की करायचं काय?

कागदी_विमान
नमस्कार मंडळी, ड्रोन घेऊन चार महिने झालेत, साधा घडीचा कॅमेरावाला आहे, खोक्यावर ३० मिनिटं लिहिलंय. परवा जे झालं त्यानंतर दोन दिवस हात लावला नाहीये त्याला, म्हणून इथे विचारतोय.

तलावाच्या काठावरून उडवला, पलीकडच्या काठाला झाडांची रांग आहे तिकडे नेला, ८०० मीटर धरा, उंची ९० च्या आसपास. जाताना असला सुसाट गेला की मीच खूश, वारा पाठीशी होता हे डोक्यातच आलं नाही. तिथे रेंगाळलो, मग २९ टक्क्यांना स्क्रीनवर आलं की परत निघतोय, १० सेकंद उलटी मोजणी, आणि मी ते कॅन्सल केलं कारण एक फेरी राहिली होती (माहितीये, शिव्या शेवटी द्या). २० टक्क्यांना स्वतः निघालो तर गडी हलेचना, सेकंदाला साडेतीन मीटर कसाबसा. ११ टक्क्यांना माझ्या काठापासून अजून अडीचशे मीटर लांब होता तेव्हा 'बॅटरी क्रिटिकल, लँडिंग' असं ओरडायला लागला आणि सरळ खाली यायला लागला. खाली पाणी! मी कॅन्सलवर बोट बडवतोय, काही उपयोग नाही, एक १०-१५ सेकंद तर नुसता त्या बटणाशीच भांडत होतो. मग घाबरून डावी स्टिक (वर-खाली न्यायची) पूर्ण वर ढकलली, उतरणं थांबलं, पण टक्के ९, ७, ५ असे गळायला लागले. नंतर कधीतरी उजवी स्टिक (पुढे-मागे न्यायची) पण पुढे दाबली गेली आणि तेव्हा कळलं की अरे, हा पुढे येतोय की! काठाच्या गवतात उतरला म्हणा किंवा आपटला म्हणा, एक प्रॉप (पंख्याचं पातं) तुटला, खालून चिखल, बाकी ठीक दिसतोय.

तर प्रश्न असे की एकदा हे लँडिंग सुरू झालं की आपल्या हातात नक्की किती उरतं, डावी स्टिक वर धरली ते बरोबर केलं की त्यानेच बॅटरी खाल्ली, आणि स्पोर्ट मोडला (जास्त वेगाच्या) टाकला असता तर वेळेत आला असता का?

चित्त_पिलापाशी
वाचला म्हणजे नशीब तगडं आहे तुमचं. आधी हे लक्षात घ्या की बॅटरीवरून ड्रोन दोन वेगवेगळ्या गोष्टी करतो आणि नवीन माणूस त्या एकच समजतो. पहिली म्हणजे २९ टक्क्यांना जे आलं ते. घर म्हणजे जिथून उडवला ती जागा, तिथपर्यंतचं अंतर धरून त्याने हिशेब केला की आता निघालो तर पोचतो. ती विनंती असते, कॅन्सल करता येते, तुम्ही केलीत. दुसरी म्हणजे ११ टक्क्यांना झालं ते. तिथे घरबिर काही नाही, त्याचा हिशेब एवढाच की हातात उरलेल्या चार्जमध्ये जिथे आहे तिथून जमिनीवर जाता आलं पाहिजे. हा हुकूम असतो, कॅन्सल होत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे कारण कॅन्सल करता आलं तर प्रत्येक जण करेल आणि ड्रोन वरून दगडासारखा कुणाच्या तरी डोक्यात पडेल.

पण कॅन्सल होत नाही याचा अर्थ कंट्रोल गेला असा नाही. इथेच ९० टक्के लोक गोठतात. तुमचा ड्रोन कुठला ते तुम्ही सांगितलं नाही, पण उदाहरण म्हणून डीजेआय या ड्रोन कंपनीच्या अलीकडच्या मॉडेल्सचं मॅन्युअल उघडून बघा, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे: हे लँडिंग रद्द करता येत नाही, मात्र आडवी हालचाल आणि उतरायचा वेग रिमोटवरून बदलता येतो, बॅटरी पुरेशी असेल तर थ्रॉटल (म्हणजे तुमची डावी स्टिक) वर धरून सेकंदाला १ मीटर या वेगाने वरही चढवता येतो. आणि त्याच्याच पुढे इशारा आहे की चार्ज संपेपर्यंत थ्रॉटल वर धरून ठेवलात तर ड्रोन पडेल. म्हणजे तुमच्या दोन नंबरच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे.

आता हिशेब करू. ९० मीटरवरून तो सेकंदाला ३ मीटरने उतरत होता असं धरू, म्हणजे ३० सेकंद. साडेतीनच्या वेगाने ३० सेकंदात होतात शंभरेक मीटर, तुम्हाला हवे होते अडीचशे. म्हणजे नुसती उजवी स्टिक दाबली असती तर शंभर एक मीटर पुढे येऊन तलावातच गेला असता. डावी स्टिक वर धरून तुम्ही वेळ विकत घेतलात, आणि उजवीने तो वेळ वापरलात. चूक एवढीच की आधी डावी धरली आणि उजवी उशिरा. हवेत जागच्या जागी उभं राहायला जवळपास तेवढीच बॅटरी लागते जेवढी पुढे यायला, मग उभं राहून काय मिळतं? दोन्ही एकदम, पहिल्या सेकंदाला. (स्टिकची नेहमीची मांडणी, मोड २, धरून बोलतोय, डावीकडे थ्रॉटल, उजवीकडे पुढे-मागे.)

आणि हो, तुमचे ते कॅन्सलशी भांडलेले १५ सेकंद म्हणजे उरलेल्या उंचीतले ४५ मीटर होते.

लांबउडी
मी सांगतो सरळ, स्पोर्ट मोड. माझा एकदा असाच अडकला होता समोरच्या वाऱ्यात, वारा नसता तर नॉर्मलला सेकंदाला १० मीटरचा वेग मिळतो, स्पोर्टला १६ चा, स्पोर्टला टाकला आणि कापत आला, १४ टक्के शिल्लक असताना हातात. वारा ६ चा असेल तर १० मधून ६ गेले की उरले ४, १६ मधून ६ गेले की उरले १०, म्हणजे अडीच पट पटकन. साधं गणित आहे.

सोल्डरगन
@लांबउडी गणित बरोबर आहे पण ते २० टक्क्यांच्या वरचं गणित आहे. ११ टक्क्यांना स्पोर्ट दाबणं म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक.

बॅटरीचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गंमत तिथेच आहे. लिथियम पॉलिमरचा एक सेल (बॅटरीच्या आतला एक घटक) पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, मधला काळ ३.७ च्या आसपास रेंगाळतो, आणि ३.५ च्या खाली गेला की उतार नाही, कडा असतो. शिवाय व्होल्टेज लोडवर बसतं, म्हणजे मोटरने जास्त करंट ओढला की तेवढ्या वेळापुरतं खाली येतं, लोड काढला की थोडं परत वर. भरलेल्या बॅटरीत हे बसणं जाणवत नाही कारण खाली भरपूर जागा असते. शेवटच्या १० टक्क्यांत तीच गोष्ट जीवघेणी होते, कारण आधीच ३.४ ला असलेला सेल फुल थ्रॉटलला ३.१-३.० ला टेकतो आणि मग बॅटरीच्या आतला सर्किटवाला भाऊ घाबरून टक्के झपाझप खाली दाखवायला लागतो. तुमचे ९, ७, ५ जे झाले ते असे. थंडीत तर आणखी वाईट, सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो आणि बसणं दुप्पट वाटतं.

आणि ते टक्के म्हणजे पाण्याच्या टाकीची काच नाही की आत दिसतंय तेवढंच आहे, तो अंदाज असतो. ३० मिनिटांच्या ड्रोनला १ टक्का म्हणजे १८ सेकंद, ११ टक्के म्हणजे सव्वातीन मिनिटं, असं कागदावर छान वाटतं. शेवटचे ५ टक्के मी हिशेबात धरतच नाही.

स्पोर्टचा अजून एक तोटा, त्यात अडथळ्याचे सेन्सर बंद असतात. पलीकडे झाडं आहेत म्हणतोयस, हातघाईच्या वेळी झाडात घालशील. @कागदी_विमान ॲपमध्ये फ्लाइट लॉग (उड्डाणाची नोंद) असेल, सेलवार व्होल्टेज दिसतं का बघ आणि टाक इथे. आणि बॅटरी एरवी कशी ठेवतोस?

लांबउडी
मी १४ टक्के शिल्लक असताना पोचलो, म्हणजे स्पोर्टला टाकला तेव्हा ३० च्या आसपास असेल. तर ठीक, तुझं म्हणणं मान्य, लवकर टाकला तर स्पोर्ट, उशिरा नाही. पण त्याने २० ला निघताना टाकला असता तर आला असता हे माझं मत कायम.

सोल्डरगन
२० ला टाकला असता तर बहुधा आला असता, हो. त्याआधी अजून एक फुकटचा उपाय होता, त्याबद्दल कुणी बोललं नाही. उंची कमी करायची. ९० मीटरवर जो वारा असतो तो २५-३० मीटरवर बऱ्याचदा पुष्कळ कमी असतो. पाण्यावर झाडं-घरं नसल्याने फरक जमिनीइतका पडत नाही हे खरं, पण पडतो, आणि तिरपं खाली येत पुढे सरकायला जागच्या जागी तरंगत राहण्यापेक्षा कमी ताकद लागते. २० टक्क्यांना परत फिरलास तेव्हाच नाक घराकडे आणि हळूहळू खाली, असं केलं असतं तर दोन्हीकडून फायदा. फक्त पाण्यावर ५-१० मीटरच्या खाली जाऊ नकोस, पोटातले सेन्सर लाटांकडे बघून वेडे होतात, उंची चुकीची धरतात.

तिरपी_नजर
मी फोटोवाली, उडवण्यातलं शास्त्र तुम्हा लोकांइतकं नाही पण जबरदस्तीचं लँडिंग दोनदा भोगलंय, म्हणून एक गोष्ट सांगते जी कुणीच सांगत नाही. कॅमेरा खाली करा. पहिल्या वेळी मी समोरचं दृश्य बघत बघत उतरवला आणि काटेरी झुडपात घातला, कारण स्क्रीनवर क्षितिज दिसत होतं आणि खाली काय आहे ते दिसतच नव्हतं. दुसऱ्या वेळी लँडिंगचा आवाज आला की आधी गिंबलचं (कॅमेरा वर-खाली करायचं) चाक फिरवून कॅमेरा सरळ पायाखाली, मग बघायचं कुठे मोकळं आहे, मग उजवी स्टिक. खाली तोंड केलं की स्क्रीनच्या वरच्या कडेची बाजू म्हणजे ड्रोनची पुढची बाजू, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

दुसरं म्हणजे घराकडे यायचा हट्ट सोडायचा. एकदा हुकूम सुटला की घर विसरायचं, जवळची कोरडी रिकामी जागा हेच घर. माझा दुसऱ्या वेळचा ड्रोन माझ्यापासून तीनशे मीटरवर नांगरलेल्या रानात उतरला, चालत जाऊन आणला, ओरखडाही नाही. ॲपमध्ये शेवटचं ठिकाण नकाशावर राहतं आणि बऱ्याच ड्रोनला लांबून बीप करायला लावता येतं, बॅटरीत जरा जीव उरला असेल तर. काठापासून अडीचशे मीटर म्हणताय ते कुठल्या काठापासून? बाजूचा काठ जवळ नव्हता का?

कागदी_विमान
@तिरपी_नजर आत्ता नकाशा उघडून मोजलं आणि कपाळावर हात मारून घेतला. डावीकडचा काठ १२० मीटरवर होता. मोकळं माळरान. आणि तिकडे यायला वारा आडवा लागला असता, समोरून नाही. मला फक्त मी उभा होतो तेवढाच काठ दिसत होता.

@सोल्डरगन लॉग सापडला. लँडिंग सुरू होताना तीन सेल ३.४४, ३.४३ आणि ३.२९. डावी स्टिक पूर्ण वर असताना सगळ्यात खाली गेलेला आकडा ३.०८, तोच तिसरा सेल. बॅटऱ्या मी उडवून आलो की लगेच फुल चार्ज करून कपाटात ठेवतो, म्हणजे कधीही निघालो की तयार. कधी कधी महिनाभर तशाच असतात.

सोल्डरगन
तिसरा सेल लंगडा झालाय. बाकी दोघांपेक्षा ०.१५ खाली म्हणजे तो आधी दमतो आणि पूर्ण बॅटरी त्याच्या चालीने चालते, तीन पायांची शर्यत. तुझ्या 'कायम तयार' सवयीने हे होऊ शकतं, लिथियमला पूर्ण भरलेलं ठेवणं आवडत नाही, आठवडाभराहून जास्त ठेवायची तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेव. बऱ्याच स्मार्ट बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःच थोड्या रिकाम्या होतात ते त्यासाठीच. लोक घाबरून कंपनीला फोन करतात की बॅटरी गळतेय.

या बॅटरीवर आता लांब जाऊ नकोस. अंगणात, डोक्यावर, सरावाला वापर. जरा जरी फुगलेली वाटली तर तीही नको, चार्जरलाही लावू नकोस. आणि खालून चिखल लागलाय म्हणालास, पाणी आत गेलंय की नाही याची खात्री होईपर्यंत बॅटरी बाहेर काढून ठेव, चालू करून बघायचा मोह आवर.

माझं स्वतःचं मशीन घरी जुळवलेलं आहे, आर्डूपायलट या ड्रोन चालवायच्या खुल्या सॉफ्टवेअरवर, तिथे हे सगळं आपणच ठरवतो. कमी व्होल्टेजला काय करायचं, क्रिटिकलला काय करायचं, हे वेगळं टाकता येतं. लँडिंग चालू असताना पायलटला आडवं सरकवू द्यायचं की नाही याचीही एक सेटिंग आहे, मुळात ते चालूच असतं. शेवटच्या १० मीटरला वेग सेकंदाला अर्धा मीटर, तोही बदलता येतो. मी व्होल्टेजवर विश्वास ठेवतो, टक्क्यांवर नाही. पण ते करायला घेतलंस की उडवणं कमी आणि लॉग वाचणं जास्त होतं, त्यामुळे नवशिक्याला मी सुचवत नाही.

चित्त_पिलापाशी
डावीकडच्या काठाचं वाचून वाईट वाटलं पण सगळ्यांचं असंच होतं, डोळा घरावर असतो. माझं नावच बघा.

अजून दोन गोष्टी राहिल्या. एक, परत येण्याची उंची. तुम्ही ती १२० ला लावून ठेवली असेल आणि ड्रोन ९० वर असेल तर परत येताना तो आधी ३० मीटर चढतो, म्हणजे जास्त वाऱ्यात आणि जास्त खर्चात. समोरून वारा असेल आणि मधे उंच काही नसेल तर ती सेटिंग खाली आणून ठेवा, उडवायच्या आधीच. दोन, शेवटच्या अर्ध्या-एक मीटरला बरेच ड्रोन थबकतात, खालची जागा सपाट आहे का बघतात, उंच गवत किंवा पाणी दिसलं की थांबून विचारतात. बॅटरी संपत आली असताना तिथे विचार करत बसू नका, डावी स्टिक खाली धरून ठेवा म्हणजे उतरून मोटर बंद होतील. हाताने पकडायला जाणारेही बघितलेत, हात खाली आला की ड्रोनला वाटतं जमीन वर आली, तो उडी मारतो वर. बोटं कापून घ्याल.

दोन्ही स्टिक आतल्या कोपऱ्यात खाली ओढून मोटर बंद करायचा प्रकार कुणीतरी सांगेलच, तो हवेत करायचा नाही. कुणाच्या अंगावर पडण्यापेक्षा इथेच पडू दे अशी वेळ आली तरच.

लांबउडी
मी तेच सांगणार होतो, तेवढ्यात टाकलंत तुम्ही.

माझं एकच, याचा सराव करता येतो. भरलेल्या बॅटरीवर, मोकळ्या जागी, ३० मीटरवर नेऊन ॲपमधलं साधं लँडिंगचं बटण दाबायचं आणि उतरता उतरता उजव्या स्टिकने बाजूला न्यायचा. हे लँडिंग कॅन्सल होतं त्यामुळे भीती नाही, पण बऱ्याच ड्रोनवर हाताला तीच सवय लागते. मी दर महिन्याला करतो. आमचा एक जण तर मागे उभा राहून मधेच ओरडतो 'क्रिटिकल!' आणि तेव्हा कॅमेरा कुठेही असो, ५ सेकंदात जागा निवडायची. पोरखेळ वाटतो, कामाला येतो.

कागदी_विमान
मंडळी, आज प्रॉप बदलला, दुसऱ्या बॅटरीवर (सेल तपासले, तिघे सारखे आहेत) सराव करून आलो. ३० मीटरवरून लँडिंग दाबलं आणि पहिल्या खेपेला परत तेच, बोट आपोआप कॅन्सलकडे गेलं! दुसऱ्यांदा अंगठे स्टिकवरून उचलायचेच नाहीत असं ठरवलं. तिसऱ्या खेपेला कॅमेरा खाली केला आणि उजवी स्टिक पूर्ण दाबून जमिनीला टेकेपर्यंत पन्नासेक मीटर बाजूला नेला, ठरवलेल्या पांढऱ्या दगडापासून दोन पावलांवर. ३० मीटर उंचीत पन्नास मीटर! म्हणजे त्या दिवशी ९० वर असताना, आडव्या वाऱ्यात, तो १२० मीटरवरचा डावा काठ मला थ्रॉटल न लावताही मिळाला असता.

परत येण्याची उंची १२० च होती, ४५ केलीये. कमी बॅटरीची पहिली वॉर्निंग ३५ वर आणलीये. लंगड्या बॅटरीवर लाल टेप लावून मोठ्या अक्षरात '३' लिहिलंय, तर घरचे विचारतायत बाकीच्या १ आणि २ कुठे आहेत.

तिरपी_नजर
टेपवर तारीख पण लिहा. आणि पुढच्या वेळी तलावावर गेलात तर उडवायच्या आधी नकाशावर चारी काठ बघून घ्या, मी तर आता स्क्रीनशॉट काढून ठेवते.